बॅबिलोनचं अर्धं ग्रहण आणि तांब्याची वाटी : प्रकल्प नोंदी

शनिवार, २ सप्टेंबर २०२३

नवी वही. यंदा कोजागिरीलाच चंद्रग्रहण आहे. २८ ऑक्टोबरची रात्र, म्हणजे घड्याळाने २९ तारीख उजाडल्यावर १ वाजून ५ मिनिटांनी स्पर्श, १:४४ च्या सुमारास मध्य, २:२४ च्या आसपास मोक्ष. ग्रासमान ०.१२, म्हणजे चंद्राच्या व्यासाचा जेमतेम आठवा हिस्सा. ऑफिसात सांगितलं तर एकजण म्हणाला, "एवढ्यासाठी कोण जागणार? खग्रास असेल तेव्हा सांग."

खग्रासाचं कौतुक सगळ्यांनाच असतं. मला मात्र गेले काही महिने एक अर्धवट ग्रहण सतावतंय. इ.स.पू. ५२३, १६ जुलैची रात्र, बॅबिलोन. त्या रात्री चंद्र निम्मा झाकला, उत्तरेकडून. ना कुठला राजा त्यापायी मेला, ना लढाई थांबली. तरी ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी नोंदलं गेलं, आणि त्यातून चंद्राचा आणि पृथ्वीच्या सावलीचा आकार निघाला.

ठरवलेली कामं : ते ग्रहण स्वतः गणिताने काढायचं. त्याचा पुढे काय उपयोग झाला ते हाताने करून बघायचं. आणि कोजागिरीच्या रात्री घड्याळ न बघता ग्रहणाची वेळ धरायची. दिवसभर दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधते, तर घरी निदान अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांच्या शोधाव्यात.

मंगळवार, ५ सप्टेंबर

दोन साक्षीदार.

पहिला मातीचा. ब्रिटिश म्युझियममधली क्युनिफॉर्म (म्हणजे खिळ्यांसारख्या अक्षरांची) पाटी, क्रमांक बीएम ३३०६६. श्ट्रासमायर नावाच्या अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिची नक्कल छापली, म्हणून अभ्यासक तिला 'कॅम्बायसिस ४००' म्हणतात. कॅम्बायसिस म्हणजे इराणचा सम्राट, सायरसचा मुलगा, ज्याने इ.स.पू. ५२५ मध्ये इजिप्त घेतला. पाटी त्याच्या सातव्या वर्षाची. चौथ्या महिन्याच्या चौदाव्या रात्री, रात्र पडल्यावर १ पूर्णांक २/३ बेरूंनी ग्रहण लागलं, पूर्ण दिसलं, उत्तरेकडचा निम्मा भाग झाकला. त्याच वर्षाच्या दहाव्या महिन्यात आणखी एक ग्रहण आहे, खग्रास. ते सध्या बाजूला.

बेरू म्हणजे दोन तास. त्याचे तीस भाग, प्रत्येक चार मिनिटांचा. म्हणजे १ पूर्णांक २/३ बेरू म्हणजे ३ तास २० मिनिटं. आपल्या २४ मिनिटांच्या घटकांत मांडलं तर एक बेरू बरोब्बर पाच घटका, आणि ही वेळ ८ घटका २० पळं (साठ पळांची एक घटका). हे इतकं सरळ बसलं की पेन खाली ठेवून जरा हसले.

चौदावी रात्र का, हे लेकीने विचारलं. त्यांचा महिना संध्याकाळी पहिली चंद्रकोर दिसली की सुरू होई आणि दिवस सूर्यास्तापासून मोजत. अमावस्येनंतर कोर दिसायला एखाद-दुसरा दिवस जातो, म्हणून पौर्णिमा चौदाच्या आसपास पडते. वर्षही वसंतात सुरू होई, तेव्हा चौथा महिना म्हणजे आपल्या चैत्रापासून मोजला तर आषाढाच्या जागेचा.

दुसरा साक्षीदार टॉलेमी, ग्रीक भाषेत लिहिणारा खगोलज्ञ, अलेक्झांड्रिया, इसवी सनाचं दुसरं शतक. त्याच्या 'अल्माजेस्ट' या ग्रंथाच्या पाचव्या भागात तो हेच ग्रहण घेतो : कॅम्बायसिसचं सातवं वर्ष, म्हणजे बॅबिलोनचा जुना राजा नाबोनास्सर याच्यापासूनचं २२५ वं, इजिप्शियन फामेनोथ महिन्याच्या १७ आणि १८ च्या मधली रात्र, बॅबिलोनच्या मध्यरात्रीच्या एक तास आधी, उत्तरेकडून निम्मा व्यास. साडेसहाशे वर्षांनी, दुसऱ्या देशात, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या पंचांगात. पण राजाचं वर्ष तेच, दिशा तीच, ग्रास तोच.

वेळ मात्र जुळते का? तेच तर बघायचंय.

रविवार, १० सप्टेंबर

संगणक न लावता तारीख काढायची म्हणून बसले. लाइट बिलाच्या पाठीमागे केलेलं गणित वहीत उतरवते, नाहीतर बिल भरताना जायचं.

इजिप्शियन वर्ष ३६५ दिवसांचं. लीप वर्ष नाही, अधिक महिना नाही. बारा महिने तीस-तीस दिवसांचे आणि वरचे पाच. ऋतूंशी त्याचं वर्षानुवर्षं जमत नसे, पण दिवस मोजायला याच्याइतकं सोयीचं पंचांग नाही. म्हणूनच टॉलेमीने बॅबिलोनची ग्रहणंसुद्धा त्यातच घातली.

नाबोनास्सर शकाचा पहिला दिवस इ.स.पू. ७४७, २६ फेब्रुवारी. त्या दुपारचा ज्युलियन दिवसांक, म्हणजे खगोलवाल्यांच्या सलग दिवसमोजणीतला आकडा, १४४८६३८. आता २२५ वं वर्ष चालू, म्हणजे २२४ वर्षं सरली : २२४ गुणिले ३६५, ८१७६० दिवस. फामेनोथ सातवा महिना, म्हणजे सहा महिने सरले : १८०. सतरावा दिवस, म्हणजे सोळा सरले. एकूण ८१९५६.

१४४८६३८ अधिक ८१९५६ म्हणजे १५३०५९४.

हा दिवसांक कुठल्या दुपारचा? इ.स.पू. ५२३, १६ जुलैची. त्या रात्री ग्रहण. एका दिवसाचीही तफावत नाही. सव्वादोनशे वर्षांत कोणी एक दिवस जरी गाळला असता तर पौर्णिमा चुकली असती. सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तेव्हाचे लोक हिशोबाला पक्के होते. तू ते बिल भरलंस का?"

रविवार, १७ सप्टेंबर

आज पायथन. त्यातल्या स्कायफिल्ड या खगोलगणिताच्या लायब्ररीत चंद्रग्रहणं शोधायची तयार सोय आहे. ग्रहस्थानांची रोजची डीई४२१ फाइल १९०० ते २०५० एवढीच चालते, म्हणून इ.स.पू. ३००० पासूनची डीई४२२ उतरवून घेतली. ती उतरेपर्यंत दोन वेळा चहा झाला.

मग तीन चुका, तिन्ही माझ्याच, ओळीने :

पहिली. वर्ष -५२३ टाकलं. जुलैत अर्धं ग्रहण नाहीच! घाबरले. मग आठवलं, खगोलाच्या गणितात शून्य वर्ष असतं, इतिहासाच्या गणितात नसतं. इ.स.पू. १ म्हणजे ०, इ.स.पू. २ म्हणजे -१. तेव्हा इ.स.पू. ५२३ म्हणजे -५२२. हे मला माहीत होतं. तरी चुकले.

दुसरी. ग्रहण सापडलं, पण १६ नाही, १० जुलैच्या रात्रीचं. परवाचं बिलामागचं गणित चुकलं की काय? नाही. प्रोग्रॅम आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय सगळ्या काळाला ग्रेगोरियन कॅलेंडरच लावतो, इतिहासकार जुन्या तारखा ज्युलियनमध्ये देतात. त्या शतकात दोघांत सहा दिवसांचा फरक. कॅलेंडरचा सांधा बदलण्याची एक ओळ घातल्यावर १६ आली.

यावरून मनातला एक लाडका योगायोग मोडला. १६ जुलै २०१९ ला, गुरुपौर्णिमेच्या रात्री, आपल्याकडून असंच खंडग्रास ग्रहण दिसणार होतं. ग्रासमान ०.६५, तेही उत्तरेकडून. तारीखही तीच म्हणून मी चार लोकांना सांगत सुटले होते. तारीख ती नव्हेच. शिवाय पुण्यात त्या रात्री पावसाळी ढग, मला चंद्रच दिसला नव्हता.

तिसरी चूक मोठी. ग्रहणमध्य बॅबिलोनच्या स्थानिक वेळेत पहाटे सव्वाचारच्या पुढे! पाटी म्हणते रात्रीचा पहिला भाग, टॉलेमी म्हणतो अकरा. जेवण राहिलं तसंच.

उत्तर 'डेल्टा टी'मध्ये होतं. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावतंय, मुख्यतः चंद्रामुळे येणाऱ्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने. एका दिवसात हा फरक जाणवायचा नाही, पण पंचवीस शतकं साचला की ग्रहगणिताची एकसारखी चालणारी वेळ आणि पृथ्वीच्या फिरण्यावरची वेळ यांत पाच तासांना जरा कमी एवढं अंतर पडतं. मी यूटीसी, म्हणजे आजच्या घड्याळांची प्रमाणवेळ, छापत होते. १९७२ च्या आधीच्या तारखांना त्यात हा फरक धरलेलाच नसतो. यूटी१, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यावरची वेळ, छापून बॅबिलोनच्या स्थानिक वेळेत आणली :

स्पर्श रात्री सुमारे १०:०५. मध्य सुमारे ११:२५. मोक्ष मध्यरात्रीनंतर सुमारे पाऊण तासाने. ग्रासमान ०.५३ च्या आसपास.

निम्म्याला निम्मं. रात्री सव्वादहाला जेवले.

मंगळवार, १९ सप्टेंबर

गणपती आले. वही कपाटात.

रविवार, १ ऑक्टोबर

विसर्जन झालं, घर पुन्हा घरासारखं. आज लेकीला (आठवीत आहे) मदतीला घेतलं. तिने आधी अट घातली की शाळेच्या प्रोजेक्टसाठी हे मागायचं नाही.

प्रश्न असा : टॉलेमीकडे यादीत खग्रास ग्रहणंही होती. इ.स.पू. ७२१ चं होतं, बॅबिलोनचा राजा मार्दोकेम्पाद याच्या पहिल्या वर्षाचं. मग चंद्राचा आकार काढताना त्याने दोन अर्धवट ग्रहणंच का निवडली?

दहा रुपयांचं नाणं घेतलं, व्यास २७ मिलिमीटर. हा चंद्र. सावलीला त्याच्या २.६ पट झाकण हवं, म्हणजे ७० मिलिमीटर. स्वयंपाकघरातले सगळे डबे पट्टीने मोजून शेवटी हळदीच्या डब्याचं झाकण निघालं. पांढऱ्या कागदावर नाणं, त्यावर झाकण.

आधी झाकण पूर्ण वर आणलं. खग्रास. नाणं दिसत नाही. आता झाकण जरा इकडे सरकवलं, तिकडे सरकवलं, तरी दिसत नाहीच. म्हणजे चंद्र सावलीत नक्की कुठे आहे हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. मग झाकण बाजूला सरकवत नेलं. नाणं निम्मं दिसायला लागलं तेव्हा लेकच म्हणाली, "झाकणाची कड नाण्याच्या मध्यावरून जातेय."

हेच. चंद्र निम्मा झाकलेला असतो तेव्हा त्याचा मध्यबिंदू सावलीच्या काठावर असतो. (काठ वाकडा असल्यामुळे क्षेत्रफळाने निम्मं होत नाही, पण जुने लोक ग्रास व्यासावर मोजत.) म्हणजे त्या क्षणी चंद्राचा मध्य सावलीच्या मध्यापासून जेवढा दूर, तेवढी सावलीची त्रिज्या. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताला, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेला, जिथे छेदते तो पात. चंद्र त्या पातापासून किती अंशांवर आहे हे कोष्टकावरून काढता येतं, त्यावरून त्याचा शर, म्हणजे क्रांतिवृत्तापासूनचं अंतर. कॅम्बायसिसच्या ग्रहणाला टॉलेमीने हा शर काढला ४० कला ४० विकला (अंशाच्या साठ कला, कलेच्या साठ विकला). सावलीची त्रिज्या मिळाली, कुठलंही यंत्र न लावता.

चंद्राचा व्यास काढायला दुसरं ग्रहण लागतं. ते इ.स.पू. ६२१, २२ एप्रिलचं, बॅबिलोनचा राजा नाबोपोलास्सर याच्या पाचव्या वर्षातलं. त्यात चंद्राचा पाव व्यास झाकला होता, दक्षिणेकडून. तिथे शर ४८ कला ३० विकला. नाणं 'निम्मं'वरून 'पाव'वर न्यायला त्याचा मध्य किती सरकवावा लागतो? पाव नाणं. म्हणजे दोन शरांमधला फरक हाच चंद्राचा पाव व्यास : ७ कला ५० विकला. चौपट केली, ३१ कला २० विकला.

झालं. चंद्र ३१ कला २० विकला, सावली त्याच्या २.६ पट. दोन्ही वेळा चंद्र पृथ्वीपासून दूरच्या टप्प्यात होता, म्हणून तुलना चालते. याच आकड्यांवर पुढे त्याने सूर्याच्या अंतराचा हिशोब रचला. तो फार कमी निघाला, पण ती गोष्ट वेगळी.

लेकीने नाणं परत दिलं नाही.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

रात्री झोप येईना, व्यवसायाचा दोष. उत्तर बरोबर आलं की मला जास्त संशय येतो.

ग्रास अंगुळांत मोजत. चंद्राच्या व्यासाची बारा अंगुळं, बॅबिलोनमध्येही, ग्रीकांतही. आपल्या सिद्धान्तग्रंथांतही ग्रासाला अंगुळंच. पाव म्हणजे तीन अंगुळं, निम्मं म्हणजे सहा. नुसत्या डोळ्यांनी तीन आणि साडेतीन अंगुळांतला फरक कोण छातीठोक सांगेल? समजा नाबोपोलास्सरच्या ग्रहणाचा ग्रास साडेतीन होता. मग ७ कला ५० विकला हा पाव व्यास राहत नाही, अडीच अंगुळं होतात, आणि चंद्राचा व्यास ३७ कलांच्या वर जातो. अर्ध्या अंगुळाने सहा कला! आकाशात चंद्र एवढा मोठा कधीच दिसत नाही. दूर असतो तेव्हा तो साडेएकोणतीस कलांच्या आसपास असतो, जवळ आला की साडेतेहेतीसच्या आसपास.

दोन मोठे आकडे एकमेकांतून वजा करून लहान आकडा काढायचा आणि त्याला चारने गुणायचं, असं आमच्याकडे कोणी केलं तर मी ते परत पाठवते. टॉलेमीला उत्तर आधीच साधारण माहीत असणार आणि त्याला शोभेल अशी जोडी त्याने यादीतून उचलली असणार, असं मला वाटतं. त्याने लबाडी केली असं म्हणत नाही. पण पद्धत देखणी आणि आकडे नाजूक.

शनिवार, ७ ऑक्टोबर

तांबट आळी. कसब्यातून आत वळलं की ठोके ऐकू येतात, पत्ता विचारावा लागत नाही.

घड्याळाशिवाय वेळ धरायची तर घटिकापात्र हवं. पातळ तांब्याची वाटी, बुडाशी बारीक भोक, पाण्यात सोडली की हळूहळू भरत बुडते. एक बुडणं म्हणजे एक घटका, २४ मिनिटं. सासूबाईंनी त्यांच्या लहानपणी लग्नात पाहिलंय : घंगाळात वाटी, शेजारी गुरुजी डोळे लावून बसलेले, वाटी बुडाली की गडबड. बॅबिलोनमध्येही पाणघड्याळ होतं, तिथे पाणी वजनाने मोजत.

दुकानातल्या काकांना सांगितलं तर त्यांनी आधी विचारलं, "शोभेची का चालवायची?" चालवायची म्हटल्यावर त्यांनी बुडाला बारीक छिन्नी टेकवून एक ठोका दिला, भोक दिव्यासमोर धरलं, मान हलवली. जाताना म्हणाले, "भोक मोठं करता येतं, लहानही करता येतं. फेकून देऊ नका." तेव्हा कळलं नाही.

रात्री बादलीत सोडली. सव्वादहा मिनिटांत बुडाली.

रविवार, १५ ऑक्टोबर

घटस्थापना. सकाळची पूजा आटोपून वाटी.

गेला आठवडाभर हेच. काकांचं वाक्य चौथ्या दिवशी कळलं : भोकाच्या कडेवर आतून हलक्या हातोडीने दोन-चार ठोके दिले की तांबं पसरतं आणि भोक बारीक होतं. मग जाड सुई फिरवून हवं तेवढं उघडायचं. ठोका, सुई, ठोका, सुई. एकदा इतकं बंद झालं की वाटी पाऊण तास तरंगत राहिली.

नळाचं पाणी चालत नाही. त्यातला एखादा कण भोकात बसला की सगळं ओम फस. पाणी दुपदरी फडक्यातून गाळून घेते. पाण्यात सोडताना वाटी तिरकी पडली तर एका बाजूने पाणी चढतं, म्हणून ती दोन्ही हातांनी अलगद सोडायची, आणि पंखा बंद.

आज मोबाइल लावून दहा वेळा घेतलं. सर्वांत कमी २३ मिनिटं २० सेकंद, सर्वांत जास्त २४:०५, सरासरी २३:४०. घटकेला वीस सेकंद कमी. आता ठोकायचं नाही. वाटी आहे तशीच ठेवायची, चूक कागदावर धरायची.

सोमवार, २३ ऑक्टोबर

उद्या दसरा. सरस्वतीपूजनाला वाटी ठेवायला सासूबाईंनी परवानगी दिली, धुऊन.

शनिवारच्या रात्रीची मांडणी : सूर्यास्तापासून मोजणी सुरू. प्रत्येक बुडण्याला एक चिंचोका डावीकडच्या ताटलीतून उजवीकडच्या ताटलीत. मोबाइल, मनगटी घड्याळं कपाटात बंद. शेजारचे काका खुर्ची घेऊन लांब बसणार, त्यांच्याकडे एकच घड्याळ, आणि आम्ही 'लागलं' म्हटलं की ते वेळ लिहिणार, दाखवणार नाहीत. ते चाळीस वर्षं हिशोबतपासनीस होते, त्यांच्याकडून फुटणार नाही.

शनिवार, २८ ऑक्टोबर, कोजागिरी

(गच्चीवर लिहिलेलं, अक्षर वाईट.)

सूर्यास्त. काकांनी वेळ लिहिली. पहिली वाटी सोडली.

दोन चिंचोके. पूर्वेला चंद्र इमारतींच्या वर. शेजारी गुरू, ठसठशीत.

पाच चिंचोके. वेध दुपारपासून लागलेत, त्यामुळे सासूबाई दूध घेणार नाहीत. "तुम्ही प्या, मी उद्या सकाळी." आटवताना तुळशीचं पान मात्र त्यांनीच टाकलं.

नऊ चिंचोके. बिल्डिंगमधली मंडळी दुधाला वर आली. केशर, चारोळी, पेले कमी पडले, वाटीभोवती पोरं. "काकू, ही बुडाली!" बुडून किती वेळ झाला कोणालाच माहीत नाही. लगेच पुन्हा सोडली. दहावा चिंचोका. इथे काहीतरी गेलं, नक्की.

चौदा. लेक सतरंजीवर झोपली. चंद्र जवळजवळ डोक्यावर, मान दुखते, मीही आडवी.

सोळा आणि वर. लेक उठून एकदम ओरडली, "लागलं!" मला डावीकडची कड नुसती मळकट वाटली, जसा काचेवर श्वास. म्हटलं, थांब.

सतरा. दक्षिणेकडची कड आता मळकट नाही, चपटी आहे. कोणीतरी नखाने खरवडल्यासारखी. मी म्हटलं लागलं, लेक म्हणाली मी कधीच सांगितलं होतं. अठराव्या वाटीत पाणी एक तृतीयांश.

मध्याला मी ग्रास दीड अंगूळ लिहिला, लेकीने दोन. आकडेमोड म्हणते दीड.

रविवार, २९ ऑक्टोबर

उठायला साडेनऊ. काकांनी बंद पाकीट दिलं, बाहेर सही.

सूर्यास्त ६:०४. लेकीचं पहिलं 'लागलं' १२:५२. आमचं दोघींचं १:०८. पुस्तकी स्पर्श १:०५.

म्हणजे लेकीने विरळ छायेला ग्रहण म्हटलं, तेरा मिनिटं आधी. मी गडद छायेची वाट बघत बसले, तीन मिनिटं उशिरा. दोघींचे डोळे ठीक आहेत. प्रश्न 'लागलं' कशाला म्हणायचं एवढाच होता.

आता वाटी. सतरा आणि एक तृतीयांश गुणिले २३ मिनिटं ४० सेकंद म्हणजे ४१० मिनिटं. ६:०४ मध्ये मिळवली तर १२:५४. खरी वेळ १:०८. चौदा मिनिटं गेली कुठे?

वाटी बुडाल्यावर बाहेर काढणं, उपडी करणं, पाणी संथ होऊ देणं, पुन्हा सोडणं, हे मी कधी मोजलंच नव्हतं. आज मोजलं : सरासरी २५ सेकंद. सतरा वेळा म्हणजे सात मिनिटं. उरलेली सात मसाला दुधात गेली.

रविवार, ५ नोव्हेंबर

शेवटचा हिशोब. बॅबिलोनला त्या जुलैत सूर्य स्थानिक वेळेने सुमारे सात वाजून पाच मिनिटांनी मावळत होता. पाटीतली 'रात्र पडल्यावर' तिथपासून धरली आणि ३ तास २० मिनिटं मिळवली की स्पर्श १०:२५. माझं गणित म्हणतं १०:०५. पाटी वीस मिनिटं उशिरा.

टॉलेमीची वेळ अकरा. तो ती ग्रहणमध्याची धरतो. माझं गणित ११:२५. टॉलेमी पंचवीस मिनिटं लवकर. पाटीवरून मध्य काढला तर पावणेबारा येतो. म्हणजे दोन साक्षीदारांत पाऊण तासाचं भांडण, आणि आकडेमोड जवळजवळ दोघांच्या मधोमध उभी. अलेक्झांड्रियाची वेळ काढताना टॉलेमीने दोन शहरांत ५० मिनिटांचं अंतर धरलं, रेखांशांवरून ते ५८ च्या आसपास येतं. पण ती चूक पुढची, बॅबिलोनच्या अकराला ती लागत नाही.

एक आठवड्यापूर्वी मी इथे 'बॅबिलोनचे लोक वीस मिनिटं चुकले' असं ठळक लिहिलं असतं. आता लिहवत नाही. माझी वेळ 'डेल्टा टी'वर उभी आहे, आणि इतक्या जुन्या काळासाठी तो डेल्टा टी स्टीफन्सन, मॉरिसन वगैरे संशोधकांनी काढला तो बऱ्याच अंशी बॅबिलोनच्याच ग्रहणनोंदींवरून. म्हणजे एका पाटीला चूक म्हणायला मी तिच्याच शेकडो बहिणींची साक्ष काढतेय. सरासरी त्यांचीच, तपासणीही त्यांचीच. शिवाय त्यांनी 'लागलं' कधी म्हटलं, लेकीसारखं की माझ्यासारखं, हे पाटी सांगत नाही.

तपासनीस काकांना दाखवलं. त्यांनी पाऊण तासाच्या फरकाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "वाटी एकच होती ना त्यांच्याकडे?"

तांबट आळीत दुसरी वाटी सांगून आले, पहिलीच्या मापाची. एक बुडाली की लगेच दुसरी सोडायची, मग मधले पंचवीस सेकंद जात नाहीत. पुढचं नीट दिसणारं ७ सप्टेंबर २०२५ चं, खग्रास. तेव्हा दूध नसेल.